टोकणारी गाडी

वासंतीबाई भिडे गाडीत बसण्याआधी चपला काढतात आणि अनवाणी गाडी चालवतात. चढ लागला की पुटपुटतात, चढ संपला की गप्प होतात. आंधळ्या वळणावर हॉर्न दोनदा वाजवतात. एकदा समोरच्यासाठी, एकदा स्वतःच्या धीरासाठी. रस्त्याकडेची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचतात. ओळखीचं माणूस दिसलं की थांबतात, काच खाली करतात, घरच्या सगळ्यांची चौकशी करतात. मागे कोणी कितीही भोंगा वाजवो. पुढच्या सीटवर फणस ठेवला तर त्याला पट्टा बांधतात. घरी आल्यावर हातपाय धुतात आणि गाडीची किल्ली देवापुढे ठेवतात, निरांजनाच्या शेजारी. आणि गाडी काही बोलली की तिला उलट उत्तर देतात.

ही शेवटची सवय नवी. आधीच्या आयुष्यात वासंतीबाईंनी कोणाला उलट उत्तर दिल्याचं मालगुंडात कोणाला आठवत नाही.

त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. नवऱ्याची, चिंतामणरावांची, स्कूटर होती. तिच्या मागच्या सीटवर पदर खोचून बाई उभा जन्म बसल्या. कुठे जायचं, कधी निघायचं, वाटेत थांबायचं की नाही, हे पुढे बसणाऱ्याने ठरवायचं. चिंतामणराव वाईट नव्हते. ते थांबत नसत, इतकंच. बाईंना वाटेत एखादं सुरंगीचं झाड दिसायचं, त्या "अहो" म्हणेपर्यंत झाड मागे गेलेलं असायचं.

निवृत्तीनंतर वर्षभरात चिंतामणराव गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच आठवड्यात वासंतीबाई एस.टी.ने रत्नागिरीला गेल्या आणि ड्रायव्हिंग क्लासला नाव घालून आल्या. वाडीत हसू झालं. बाई दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा लायसन घेऊन आल्या.

मुलगा ओमकार पुण्याला असतो. त्याने गाडी घेऊन दिली. बाईंना छोटी, साधी, जुनी चालली असती. ओमकार म्हणाला, "आई, सेफ्टी महत्त्वाची." म्हणून नवीकोरी आली. गिअर आपोआप पडतात. हँडब्रेकच्या जागी बटण आहे. किल्ली भोकात घालावी लागत नाही, नुसती जवळ असली की गाडी ओळखते. बाईंनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा गाडी म्हणाली, टुंग.

तेव्हापासून ती थांबलेली नाही.

पट्टा लावला नाही, टुंग. दार नीट लागलं नाही, टुंग. मागे घेताना कुंपणावरची शेराची फांदी आडवी आली, तर विंचू चावल्यासारखी किंचाळते. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला पांढरी रेघ कुठे आहे, कुठे नाही. आहे तिथे ती ओलांडली की गाडी स्वतःच चाक ओढते. समोर गुरं बसलेली असली की पडद्यावर लाल अक्षरं. चिऱ्याच्या खाणीजवळून गेलं की तांबडी धूळ काचेवरच्या कॅमेऱ्यावर बसते आणि गाडी तक्रार करते की मला दिसत नाही. फार वेळ चालवली तर कॉफीच्या कपाचं चित्र येतं. विश्रांती घ्या. वासंतीबाई कॉफी पीत नाहीत.

"पंचवीस वर्षं सासू सोसली," त्या म्हणतात. "तिनंसुद्धा इतकं टोकलं नाही. आणि टोकलंच, तर निदान मराठीत."

टोकणं एक वेळ चाललं असतं. पण गाडी चुगलीही करते. तिचं एक ॲप ओमकारच्या फोनवर आहे. इथे गाडी टुंग म्हणाली की तिथे पुण्यात त्याचा फोन थरथरतो. मग तो फोन करतो.

"आई, जोरात ब्रेक दाबलास?"

"म्हैस होती."

"केवढ्याने दाबलास गं! काही लागलं का?"

"म्हशीला विचारते आणि सांगते."

बाई फोन ठेवतात आणि गाडीकडे बघतात. वर्गात एखादं पोर उठून दुसऱ्याचं नाव सांगायचं, त्याला त्या खाली बसवत. हिला बसवता येत नाही.

मग बॅटरीचं सुरू झालं.

गाडी घराच्या मागच्या अंगाला, भिंतीला लागून पत्रा घातलाय, त्याखाली असते. एका सकाळी बाई निघाल्या आणि गाडी उघडेचना. मेल्यासारखी पडली होती. सर्व्हिस सेंटरचा माणूस रत्नागिरीहून आला, वायरी लावल्या, सुरू करून दिली. आठवड्याने पुन्हा तेच. मग पुन्हा. बाई बारशाला जायला निघाल्या आणि पोचल्या नाहीत. बँकेत जायला निघाल्या आणि रिक्षाने गेल्या. शेवटी त्यांनी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे सागर नावाच्या मुलाने तिला लॅपटॉप जोडला.

"बॅटरी हेल्दी आहे, मॅडम."

"हेल्दी आहे तर सकाळी उठत का नाही?"

"सिस्टिममध्ये कोड काही दिसत नाही."

"मला गाडी बंद पडलेली दिसते, ते पुरे नाही का?"

"सॉफ्टवेअर अपडेट केलंय, मॅडम. आता होणार नाही."

चार दिवसांनी झालं.

ओमकारला ॲपवरून कळतच होतं. एका रविवारी तो म्हणाला, "आई, हे असं नको. उद्या घाटात कुठे बंद पडली तर? अजून एकदा गाडी अडकली, तर मी विकणार. तुला कुठे जायचं असेल तेव्हा मी इथून गाडी बुक करून देत जाईन. ड्रायव्हर येईल, तू मागे बसायचं."

मागे बसायचं. बाईंनी फोन ठेवला. दुपारी जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात आनंदीबाई आल्या. आनंदीबाई शेजारच्या. त्यांची चारही पोरं वासंतीबाईंच्या हाताखाली शिकली, म्हणून वयाने मोठ्या असूनही त्या यांना बाई म्हणतात. त्यांची धाकटी बहीण सखू केळशीला दिलेली. ती अंथरुणाला खिळून होती.

"बाई, एकदा सखूला बघून आल्ये असत्ये," आनंदीबाई म्हणाल्या. "पोरगे म्हणतात, पावसानंतर नेतो. पावसानंतर ती हाय का नाय, कोणी बघितलंय?"

"मी नेते," वासंतीबाई म्हणाल्या.

मग त्यांना आठवलं, गाडी अडकली तर विकली जाणार. पण शब्द तोंडातून गेला होता. शिवाय केळशी म्हणजे काही बाजारात जाऊन येणं नव्हे. मध्ये दोन खाड्या. ही एक फेरी नीट झाली, आनंदीबाईंना सुखरूप नेऊन आणलं, तर ओमकारला तोंड उघडायला जागा राहणार नव्हती. त्यांनी त्याला काही कळवलं नाही.

वैशाखातली सकाळ. गाडी एका दमात सुरू झाली. आनंदीबाईंनी नव्या लुगड्यात पुढची सीट धरली, मांडीवर घावन्यांचा डबा. गाडीने पट्ट्यावरून टुंग केलं, मग डब्यावरून केलं, मग दारावरून.

"ही कोण भवानी?" आनंदीबाईंनी विचारलं.

"माझ्याकडेच असते. लक्ष देऊ नका."

जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडली. तवसाळ, हेदवी, गुहागर. बाई पाट्या वाचत होत्या, आनंदीबाई प्रत्येक गावातलं कोण कोणाला दिलंय ते सांगत होत्या. धोपाव्याला दुसरी फेरीबोट लागली. गाडी सगळ्यांत पुढे उभी राहिली. बोटीवरचा माणूस म्हणाला, इंजिन बंद करा. बाईंनी केलं. आनंदीबाई घामाघूम झाल्या, म्हणून पंखा तेवढा चालू ठेवला, काचा खाली केल्या. खाडीवर ऊन चमचमत होतं. आनंदीबाई सांगत होत्या की सखू लहानपणी पाण्याला इतकी घाबरायची, की विहिरीवर जाताना यांचा पदर धरून चालायची.

दाभोळचा धक्का आला. बोटीची फळी खाली पडली. बाईंनी बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. तेवढाही आवाज नाही. पडदा काळा झाला. टुंग नाही, लाल अक्षरं नाहीत. घेतल्यापासून पहिल्यांदाच गाडी गप्प होती.

मागून हॉर्न सुरू झाले. चार-पाच गाड्या, मोटारसायकली, सगळं मागे अडकलेलं. माणसं खाली उतरली.

"न्यूट्रलला टाका, बाई! ढकलतो आम्ही!"

"न्यूट्रलला जात नाही."

"हँडब्रेक सोडा!"

"हँडब्रेक नाही. बटण आहे."

"मग बटण दाबा!"

"बटणाला करंट लागतो."

"काय सांगता! हात लावा रे सगळे!"

सहा-सात जणांनी खांदे लावले. गाडी हलली नाही. चाकंच धरलेली. एकजण मागे सरून तिच्याकडे बघत राहिला. "बाई, ही गाडी हाय का कातळ?"

दुसरा, पांढऱ्या शर्टातला, घड्याळ बघत होता. "या वयात घरात बसायचं, तर निघतात गाड्या घेऊन," तो मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाला.

वासंतीबाई अनवाणीच खाली उतरल्या. तापलेल्या पत्र्यावर पाय भाजत होते.

"तुमची आई घरात बसते का हो?" त्यांनी विचारलं.

तो गडबडला. "हो. का?"

"तिला एकदा विचारा, कुठे जायचंय का म्हणून."

आवाज चढला नव्हता. 

शेजारी मासळीचा टेम्पो होता. त्याच्या भागोजी नावाच्या ड्रायव्हरकडे वायरी निघाल्या. त्याने बॉनेट उघडून जोडल्या, टेम्पो रेस केला. गाडी खडबडून जागी झाली आणि मग जे काही इतका वेळ तुंबलं होतं ते सगळं तिने एकदम सांगितलं. ब्रेक तपासा. स्टिअरिंग तपासा. टायर तपासा. घड्याळ लावा. दार उघडं आहे. टुंग, टुंग, टुंग.

"आता कुठं बंद करू नका," भागोजी म्हणाला. "बॅटरी धरंल असं वाटत नाय."

फळीवरून वर आल्या आणि फोन वाजला. फोन गाडीला जोडलेला, त्यामुळे ओमकारचा आवाज सगळ्या गाडीभर.

"आई! दाभोळला काय करतेस तू? बॅटरीचा अलर्ट आलाय!"

"आनंदीबाईंना केळशीला नेते."

"केळशी? वेडी आहेस का? परत फिर आधी!"

"परत फिरायला हीच बोट आहे. बोटीवर गाडी बंद करावी लागते. बंद केली तर सुरू होणार नाही. कशी फिरू, सांग."

"थांब, बघतो काहीतरी," म्हणून त्याने फोन ठेवला.

"भवानी पुरुषाच्या आवाजात पण बोलते काय?" आनंदीबाईंनी विचारलं.

दापोली गेली. आंजर्ल्याकडचा उतार आला. बाई आता पाट्या वाचत नव्हत्या. पडद्यावर कॉफीचा कप आला होता आणि जायला तयार नव्हता.

सखूचं घर केळशीत माडांच्या बागेत, अरुंद गल्लीवजा पाखाडीच्या टोकाशी. दोन्ही बाजूंनी कुंपणाचे चिऱ्याचे गडगे. गाडी दोन्ही अंगांनी किंचाळत आत शिरली. आनंदीबाई उतरल्या, डबा घेऊन, धडपडत, हाक मारतच आत गेल्या. "सखू! सखू गो!"

वासंतीबाई गाडीतच बसून राहिल्या. इंजिन चालू.

सखूची सून सानवी बाहेर आली. "बाई, आत या की."

"गाडी बंद करता येत नाही गं."

"मग चालू ठेवून या."

बाई किल्ली घेऊन उतरल्या. चार पावलं गेल्या नाहीत तोच गाडी ओरडायला लागली. किल्ली बाहेर गेली, किल्ली बाहेर गेली. परत आल्या, किल्ली सीटवर ठेवली. आता इंजिन चालू ठेवून उतरल्याबद्दल ओरड. बाई पुन्हा आत बसल्या. सानवीने चहा खिडकीतून दिला, मग पाण्याचा तांब्या, मग बशीत आंब्याच्या फोडी.

तिथून दार दिसत होतं. दारातून ओटीवरची खाट दिसत होती. खाटेवर सखू, आणि कडेला आनंदीबाईंची पाठ. दोघींची डोकी जवळ आलेली. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते इंजिनच्या आवाजात कळत नव्हतं. इतकं आणून सोडलं आणि आपण बाहेर. स्कूटर चालू ठेवून चिंतामणराव असेच लोकांच्या दारात उभे राहायचे. आत नको, उशीर होईल. बाई मागच्या सीटवरून माणसांकडे हसून बघायच्या.

फोन वाजला.

"आई, ऐक. मी त्या गाडीचा सगळा रेकॉर्ड उघडून बसलोय. गाडी रात्रभर जागी होते. सारखी. कोणीतरी जवळ आल्यासारखी. तू किल्ली कुठे ठेवतेस?"

"कुठे म्हणजे? देवापाशी."

"देवापाशी?"

"मग काय चुलीपाशी? लक्ष्मी आहे ती. घरी आलं की देवापुढे ठेवायची."

"आई, देवघराची भिंत..." तो थांबला. "देवघराच्या भिंतीपलीकडेच गाडी उभी असते ना?"

"असते. मग?"

"किल्ली तिथे असली की गाडीला वाटतं, तू आलीस. ती जागी होते, वाट बघते, पुन्हा झोपते, पुन्हा जागी होते. त्यात बॅटरी संपते. सारखी संपून संपून आता खराबच झाली असणार. पुस्तकात लिहिलंय बघ. किल्ली गाडीजवळ ठेवू नये."

वासंतीबाईंनी सीटवरची किल्ली उचलली.

"म्हणजे इतके दिवस चूक तुझीच होती, आई," ओमकार म्हणाला. त्याला हसू येत होतं. सुटल्यासारखं झालं होतं त्याला. "किल्ली लांब ठेवायची, बस. विकायची काही गरज नाही. ऐकतेस ना?"

"ओमकार," बाई म्हणाल्या. "मी दार लावलं नाही, ते हिला कळतं. फणसाला पट्टा नाही, ते कळतं. म्हैस कळते, रेघ कळते, काचेवरची धूळ कळते. मी दमले, तेसुद्धा माझ्याआधी हिला कळतं. तिथे पुण्यात तुला कळतं. आणि रोज रात्री किल्ली हिच्या कानाशी पडलेली, हिचा जीव चाललाय, ते हिला एकदासुद्धा सांगता आलं नाही?"

"आई, तसा अलर्ट नसतो."

"नसतोच."

"आता तिथेच बस. मी बघतो कोणी नवी बॅटरी घेऊन..."

बाईंनी बटण दाबलं. इंजिन थांबलं. आवाज गेला आणि आतलं बोलणं ऐकू आलं. सखू आनंदीबाईंना कशावरून तरी रागावत होती.

फोन आता बाईंच्या हातात होता. "आई, गाडी बंद केलीस?" ओमकारला तेही लगेच कळलं होतं. "आता ती सुरू होणार नाही!"

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या आणि चपला घालून आत गेल्या.

त्या रात्री दोघी तिथेच राहिल्या. सकाळी गाडी सुरू झाली नाही. सखूचा मुलगा म्हणाला, दापोलीहून कोणालातरी बोलावतो. वासंतीबाई म्हणाल्या, राहू दे. आनंदीबाईंचा हात धरून त्या एस.टी.त बसल्या आणि दोन गाड्या बदलून घरी आल्या. 

आपल्याला वाटेल, ओमकार चिडला असेल. तसं झालं नाही. कारण सापडल्यावर त्याने विकण्याची भाषा कायमची सोडली. सुट्टी काढून आला, रत्नागिरीहून नवी बॅटरी घेऊन आला. फोनवरून ॲपही काढून टाकतो म्हणाला आणि बाईंच्या समोर काढलं. "चल, शनिवारी जाऊन गाडी आणू. तूच चालव येताना."

"तू कशाला? मी एकटीच जाईन," बाई म्हणाल्या. "नवी बॅटरी गाठीशी आहे, आता काय."

मग तो पुण्याला परत गेला.

मृगाआधी जाऊन येते, असं त्यांनी सांगितलं होतं. मग पाऊस लागला. मग गणपती झाल्यावर, असं ठरलं. सखूचा मुलगा फोन करतो. गाडी बागेतल्या खोपटाच्या, मांगराच्या पत्र्याखाली हलवायची म्हटलं तर चाकं सुटत नाहीत, म्हणून तिच्यावर ताडपत्री घातलीय, म्हणतो. खाली कोंबडीने अंडी घातलीत. बाई हसतात, येते म्हणतात.

ज्या बाईने तापलेल्या पत्र्यावर अनवाणी उभं राहून माणसाला गप्प केलं, ती आता बाजाराला एस.टी.ने जाते. खिडकीची जागा मिळाली नाही तर उभी राहते. विचारलं तर सांगते, गाडी केळशीला आहे ना. जणू गाडी माहेरपणाला गेली आहे आणि घाई करण्यात अर्थ नाही. एकदाच, आनंदीबाईंशी बोलताना, त्या म्हणाल्या होत्या, "निघायचं ठरवलं ना, की आधी माझ्याच डोक्यात ते टुंग वाजतं."

दिवाळी आली. नवी बॅटरी मागच्या अंगाला, रिकाम्या जागेत, फळीवर ठेवलेली आहे. तिच्यावरचं प्लास्टिक बाईंनी अजून काढलेलं नाही.